अक्काच्या वाट्याची भीती

फोन आला तेव्हा घरात मी आणि अण्णा, दोघंच होतो. सकाळची वेळ होती, मी चहाचं आधण ठेवलं होतं. अक्काला बीडच्या दवाखान्यात ठेवलं होतं, तिथून आमचे हे बोलत होते. "अक्का गेली," एवढंच म्हणाले. मी फोन कानाला धरून तशीच उभी राहिले... आता खरं तेच सांगते. माणूस गेल्याचं कळल्यावर आधी जे वाटायला पाहिजे, ते मला वाटलं नाही. रडू नंतर आलं, पोटभर आलं. पण त्या घडीला माझी नजर गेली ती मागच्या खोलीच्या दाराकडं. दाराआड अण्णा होते, आणि त्यांच्या-माझ्यामध्ये उभी राहणारी बाई आता नव्हती.

अक्का म्हणजे माझी थोरली जाऊ. अण्णा तिचे मालक, माझे थोरले दीर. अण्णांना डोक्याचा आजार आहे, तरुणपणापासून आहे, आणि गोळ्या वेळेवर पोटात गेल्या तर ते तुमच्या-आमच्यासारखेच असतात. एवढं साधं वाक्य, पण आमच्या घरानं ते आजवर अंगणाबाहेर जाऊ दिलं नव्हतं. आज ते पेपरात येतंय. घरात विचारूनच लिहिते आहे, अण्णांनाही विचारलं. अक्काला विचारायचं राहिलं. ती असती तर नक्की म्हणाली असती, "पेपरात? नगं बाई, मला भ्याव वाटतंय."

त्या सकाळी चहा उतू गेला. उरलेला गाळला. सकाळी चहा आणि त्याच्याबरोबर गोळी, हा अक्काचा नेम होता. ती समोर बसून गोळी घ्यायला लावायची आणि मगच उठायची. मी कपबशी आणि गोळी त्या दाराच्या उंबऱ्यावर ठेवली, "चहा ठेवलाय" म्हटलं आणि मागं सरले. असा चहा माणसाला देतात का? अण्णांनी दार उघडलं, खाली बघितलं, वाकून कप उचलला. थोरले दीर आणि भावजय यांनी समोरासमोर बोलायची आमच्याकडं पद्धत नाही, म्हणून त्यांनी भिंतीकडं बघतच विचारलं, तिचा फोन होता का. मी मान हलवली. ती हो म्हणून हलवली की नाही म्हणून, हे माझं मलाच कळलं नाही. शेजारची माणसं जमेपर्यंत मी अंगणात जाऊन उभी राहिले. ज्या माणसाची बायको गेली होती, त्याला ते सांगायची माझी छाती झाली नाही. दुपारी आमच्या ह्यांनी येऊन सांगितलं.

अक्का भित्री होती. तिच्या भित्रेपणाच्या गोष्टी गावात सांगितल्या जायच्या, आणि त्यातल्या निम्म्या मीच पसरवलेल्या. आभाळ गडगडलं की ती आधी आरसा झाकायची. एसटीत चढताना ड्रायव्हरला हात जोडायची. अनोळखी नंबरवरून फोन आला तर मोबाइल पदराखाली दाबून धरायची, चावेल म्हणून. पोलिसांची जीप नुसती रस्त्यानं जाताना दिसली तरी होती त्या जागी खाली बसायची. आमचं गाव माजलगावच्या धरणापासून फार लांब नाही. एकदा मी तिला हट्टानं धरण दाखवायला नेलं, तर सगळा वेळ डोळे मिटून, माझा दंड धरून चालली आणि घरी येऊन सगळ्यांना सांगितलं की पाणी लई छान व्हतं. उसात बिबट्या फिरतोय अशी आवई उठली तेव्हा तर कहर झाला. तिनं घरातले विळे, खुरपी, कोयते, लोखंडाचं जे काही दिसलं ते गोळा केलं आणि कुठंतरी दडवून ठेवलं. मी म्हटलं, अक्का, बिबट्याला कोयता लागत नाही, त्याला देवानं नखं दिलीत. ती तोंडाला पदर लावून हसली, पण कोयते काही दिले नाहीत. भाजी चिरायची तर आधी अक्काकडं विळी मागायची, असा आमचा कारभार. मी म्हणायचे, हिला स्वतःच्या सावलीचं भ्याव वाटतं. तीही म्हणायची, "वाटतंय की."

माझी समजूत अशी होती की ही जन्मतःच भित्री असणार. पुढं एकदा तिचा भाऊ दिवाळीची साडी घेऊन आला तेव्हा गप्पांत म्हणाला की लहानपणी अक्का चिंचेच्या शेंड्यावर चढून बसायची, आणि मारका बैल होता घरी, त्याला हिच्याशिवाय कुणी पाणी दाखवायला धजत नव्हतं. मी अक्काकडं बघितलं. ती चुलीतलं लाकूड मागं-पुढं करत बसली. म्हणजे भीती ती माहेराहून घेऊन आली नव्हती. ती तिला इथं मिळाली, आमच्या घरात.

आणि कशी मिळाली ते सांगायचं तर आमच्याकडची एक रीत सांगावी लागेल. सोयरीक जुळवायच्या आधी मुलीकडची माणसं चौकशीला येतात. मुलाच्या घरी ती नुसता चहा पितात. खरी चौकशी गावात होते, फाट्यावरच्या हॉटेलात, पारावर, पिठाच्या गिरणीत. पोरगं पितं का, जमीन कोरडवाहू की बागायती, आई तोंडाळ आहे का... आणि ज्याला विचारलं जातं तो एका जुन्या शिकवणुकीनं बांधलेला असतो : शंभर खोटं बोलावं, पण एक लग्न जमवावं. जुळत्या सोयरिकीत मोडता घालणाऱ्याचं कधी भलं होत नाही, असं सगळेच मानतात. मग पिणारा असला तर तो 'कधीमधी घेतो', मारकुटा असला तर 'जरा तापट हाय', आणि आजारी असला तर आजाराचं नावच निघत नाही. गाव काही दुष्ट नसतं. गावाला मनापासून वाटत असतं की एकदा लग्न झालं की सगळं ताळ्यावर येईल. शिकलेल्यांनाही तसंच वाटतं, मी ऐकलंय.

अक्काचे वडील असेच चौकशीला आले होते. पारावर त्यांना सांगितलं गेलं, पोरगं म्हणजे गरीब गाय. ते खोटंही नव्हतं. पण लग्नानंतरची पहिली दिवाळी यायच्या आत अण्णांनी अन्न सोडलं. जेवणात काहीतरी कालवलंय म्हणायला लागले. झोप गेली, मग एक दिवस हात उठला. अक्का माहेरी पळाली, तर वडिलांनीच परत आणून घातली. मग देवऋषी झाले, अंगारे-धुपारे झाले, कोंडून ठेवायचेही दिवस झाले, आणि सगळं करून थकल्यावर कुणीतरी अंबाजोगाईच्या डॉक्टरांचं नाव काढलं. गोळ्या लागू पडल्या. तोवर चिंचेवर चढणारी पोरगी संपली होती. तिला मूल झालं नाही. होऊ दिलं नाही, असं ती एकदा मला म्हणाली, आणि मी पुढं विचारलं नाही.

इथं अण्णांवर अन्याय व्हायला नको. बरे असले की त्यांच्यासारखा सालस माणूस मी पाहिलेला नाही. बैलावर त्यांनी कधी चाबूक उगारला नाही. दुसऱ्याच्या बांधावरचं बोरही न विचारता तोंडात टाकलं नाही. माझ्या मुलाला, विकासला, विहिरीत पोहायला त्यांनीच शिकवलं, पाठीला भोपळा बांधून. फक्त तो शिकत होता तितके दिवस अक्का विहिरीच्या काठावर बसून असायची, आणि मला त्याचं हसू यायचं. पोहता येत नाही, आणि निघाली राखण करायला!

आजार घरातच असतो, झोपलेला. तो जागा झालेला मी एकदा पाहिला. ऊसतोडीचे दिवस होते, विकास नुकता पावलं टाकायला लागला होता. अण्णा गोळी जिभेखाली धरून मागं जाऊन थुंकत होते, हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. भर दुपारी मी पोराला मांडीवर घेऊन भरवत बसले होते आणि दारात अण्णा येऊन उभे राहिले. हातात कुणा तोडकऱ्याचा कोयता होता. मला विचारलं, भातात काय कालवलंस. आवाज चढलेला नव्हता, त्याचंच जास्त भय वाटलं. मी पोराला छातीशी घट्ट धरलं. तेवढ्यात मागच्या दारातून अक्का आली. हातात पाण्याचा तांब्या होता. ती सरळ माझ्या आणि कोयत्याच्या मध्ये येऊन थांबली. तांब्यातलं पाणी तिच्याच पायांवर सांडत होतं. "उन्हातून आलाव," ती म्हणाली, "पाणी प्या. आधी मी पिते, मंग तुमी प्या." ती दोन घोट प्याली आणि तांब्या पुढं केला. ते कितीतरी वेळ तिच्याकडं बघत राहिले. मग त्यांनी कोयता खाली टाकला आणि तांब्या तोंडाला लावला.

त्यांना गोळी देऊन, निजवून अक्का गोठ्यात गेली. मी शोधत गेले तर ती कडब्याच्या पेंढ्यांना टेकून बसली होती आणि दातावर दात वाजत होते. त्या उन्हातही मी तिच्या अंगावर वाकळ टाकली. थोड्या वेळानं मी विचारलं, "अक्का, तुम्हाला एवढं भ्याव वाटतं, मग मध्ये कशा आलात?" ती म्हणाली, "मधी न येण्याचं त्याच्याहून लई भ्याव वाटलं, बाई."

त्या दिवसानंतर मी वेगळं निघायचा धोशा लावला. अक्का माझ्याच बाजूनं बोलली, "जावा तुमी, पोराला घिऊन जावा." पण शेत एक, विहीर एक, सासू-सासरे म्हातारे... निघणं झालं नाही, आणि माझ्या मनात एक अढी बसली ती बसलीच. माझे वडील चौकशीला या गावात आले होते तेव्हा अक्का या घरात नांदत होती. तिनं सगळं भोगलेलं होतं. दुसऱ्या बापाची लेक त्याच घरात येऊन पडतेय हे तिला दिसत होतं, मग ती गप्प का बसली? चार शब्द बोलायला काय झालं होतं? मी तिच्या भित्रेपणाला हसायचे त्यात माया होती, पण त्या मायेच्या तळाशी हा राग होता. भित्री म्हणून गप्प बसली आणि मला यात ढकललं, असं मी धरून चालले होते. अक्काच्या हातची भाकरी खाताना, तिच्याकडून वेणी घालून घेताना, आजारात तिनं माझे पाय दाबून दिले तेव्हासुद्धा.

दहाव्याला माझी आई आली होती. आता तिला नीट दिसत नाही, भावानं हाताला धरून आणलं. बायका पांगल्यावर आम्ही दोघीच पडवीत बसलो होतो. रडता रडता मी मनातलं बोलून गेले, की एवढी जीव लावणारी बाई, पण तेव्हा तेवढं एक सांगितलं असतं तर... आईनं पदरानं डोळे टिपले. मग म्हणाली, "सांगितलं व्हतं की तिनं."

आईनं जे सांगितलं ते असं. वडील गावातली चौकशी संपवून फाट्यावर एसटीची वाट बघत बसले होते. सगळ्यांनी चांगलंच सांगितलं होतं, त्यामुळं खुशीत होते. तिथं गवताचा भारा डोक्यावर घेतलेली एक बाई आली. पदर तोंडावरून घेतलेला. आसपास कुणी नाही बघून ती बोलली. "ज्या घरी जाऊन आलाव तिथली मी थोरली सून हाय. माझे मालक डोक्यानं आजारी असत्यात. धाकलं पोरगं चांगलं हाय, त्येच्यात खोट न्हाई. लेक द्यायची तर हे धरून द्या. मालकाचं मी बघीन, तुमच्या लेकीच्या वाट्याला येऊ देणार न्हाई. आन हे तुमच्या लेकीलाबी सांगा." एवढं बोलून भारा सावरत ती निघून गेली. पारावरच्या माणसांपैकी एकानं जरी बघितलं असतं तरी त्या घरात तिचं काय झालं असतं, ते मला चांगलं माहीत आहे. त्या काळातल्या आमच्या सासूबाईही मला माहीत आहेत.

वडिलांनी घरी येऊन आईला सांगितलं. दोघांनी विचार केला. मुलगा चांगला होता, जमीन होती, माझ्यामागं अजून दोन बहिणी होत्या. "तुला सांगून काय करायचं, तू भ्याली आसतीस," आई म्हणाली, आणि माझा हात धरायला गेली. मी हात काढून घेतला. म्हणजे अक्कानं सांगितलं होतं. माझ्या आई-वडिलांना ठाऊक होतं. सासरच्यांना तर ठाऊक होतंच. ठाऊक नव्हतं ते फक्त मला, जिला तिथं जाऊन राहायचं होतं तिला. आणि मग मला एकदम आठवलं, वेणी घालता घालता अक्का एकदा म्हणाली होती, "तू कळूनसवरून आलीस बाई ह्या घरात. तुझं लई मोठं मन." मी तेव्हा आरशात बघून हसले होते. मला वाटलं, जावा-जावांत बोलायचं म्हणून बोलली. तिची मात्र जन्मभर हीच समजूत राहिली की मला सगळं माहीत होतं आणि तरी मी आले. म्हणून तिनं मला कधी अर्ध्या शब्दानं दुखावलं नाही. तिनं दिलेला शब्द ती पाळत राहिली, विळ्या-कोयते दडवून, विहिरीच्या काठावर बसून, पाण्याचा तांब्या हातात घेऊन... आणि मी बिबट्याच्या गोष्टी सांगून लोकांना हसवत राहिले.

ही गोष्ट इथंच संपती तर बरं झालं असतं. पण विकासचं लग्न ठरत आलं होतं. तो पुण्यात कंपनीत आहे. आजकाल शेतकऱ्याच्या घरात मुलगी द्यायला कोण तयार होतं, ते आमच्याकडच्या कुठल्याही मुलाच्या आईला विचारा. आधीच्या कितीतरी जागा नुसत्या फोनवरच बारगळल्या. ही गेवराईकडची मुलगी, फार्मसी झालेली, शांत. दोघांची पसंती झाली होती, फोनवर बोलणं चालू होतं, फक्त सुपारी फुटायची बाकी होती. त्यांच्याकडची माणसं चौकशीला येऊन गेली, आणि गावानं रीतीप्रमाणं सांगितलं की थोरले जरा देवभोळे आहेत, अध्यात्मात असतात. आमच्या ह्यांनीही तेच सांगितलं. मी तेव्हा चहाचा ट्रे घेऊन उभी होते. अक्का अजून होती, आणि ती असताना मला वाटायचं, ती बघून घेईल.

दहाव्यानंतर ते लोक भेटायला आले. मुलीचे आई-वडील आत येऊन बसले. मुलगी गाडीतच थांबली, लग्नाआधी सासरचा उंबरा ओलांडू नये म्हणून. रस्त्याच्या कडेला गाडी लावलेली होती. मी तांब्याभर पाणी घेऊन बाहेर निघाले. एका बाजूला माझं एकुलतं एक लेकरू होतं, तिशी गाठत आलेलं, आणि दुसऱ्या बाजूला खिडकीची काच खाली घेऊन माझ्याकडं बघून हसणारी ती पोरगी होती. मागं फिरावं असं वाटत होतं. मग गोठ्यात बसलेली अक्का डोळ्यापुढं आली, आणि वडिलांनी मला न सांगितलेलं आठवलं, आणि मी तिच्या आई-वडिलांच्या आधी तिलाच सांगितलं. अण्णांना काय आजार आहे, गोळ्या कुठल्या चालू आहेत, काय काय होऊन गेलं. त्यांना सांभाळणारी गेली आणि आता मी आहे. अक्कासारखा शब्द मी देणार नाही, कारण मला स्वतःचाच भरवसा वाटत नाही. हा आजार रक्तात उतरतो का ते मला माहीत नाही, डॉक्टरांना विचार, मी नंबर देते. मी भराभरा बोलत सुटले होते. ती ऐकत होती. हसणं केव्हाच गेलं होतं. माझं संपल्यावर तिनं एकच विचारलं.

"हे त्यांनी कावून न्हाई सांगितलं मला? रोज बोलतेत की."

ती विकासबद्दल विचारत होती. माझ्या लेकाला मीच शिकवलं होतं, घरातलं घरात ठेवावं म्हणून. ती पाणी प्याली, तिनं तांब्या परत दिला, बरं झालं सांगितलं म्हणाली आणि काच वर केली. मी आत जाऊन तेच तिच्या आई-वडिलांना सांगितलं. आमच्या ह्यांचा चेहरा मी अजून विसरले नाही. पाहुण्यांनी चहा अर्धा ठेवला आणि उठले.

त्याला आता काही आठवडे झाले. त्यांचा फोन नाही. आमचे हे माझ्याशी कामापुरतं बोलतात. भावकीत चर्चा आहे की मोडता घालणारे दुसऱ्याच्या सोयरिकीत घालतात, हिनं पोटच्या पोराच्या सोयरिकीत घातला. विकास फोनवर एवढंच म्हणाला की आता झाकून ठेवायला काय उरलंय, लिहायचं ते लिही. त्याच्या आवाजात राग होता की सुटका, मला कळलं नाही. मी बरोबर केलं असं छातीठोक सांगता येत नाही. फोन वाजला की धस्स होतं, नाही वाजला तरी होतं. अक्का इतकी वर्षं हे अंगावर वागवून भाकरी कशी थापत होती, कशी हसत होती, याचंच मला नवल वाटतं.

परवा दुपारी हे शेतात गेले होते, घरात पुन्हा आम्ही दोघंच. मी दुपारची गोळी आणि पाणी घेऊन मागच्या खोलीपाशी गेले. या वेळी उंबऱ्यावर ठेवलं नाही, हातात दिलं, पण माझी बोटं लगेच मागं आली. अण्णांनी ते पाहिलं. गोळी घेतली, मला दाखवायला तोंड उघडलं, अक्काला दाखवायचे तसं. मग बरे असताना, इतक्या वर्षांत पहिल्यांदा, ते माझ्याकडं बघून बोलले. "तुला भ्याव वाटतंय ना माझं?"

मी हो म्हटलं. खोटं कसं बोलणार?

"मंग बाहीरून कडी लाव," ते म्हणाले. "मला राग न्हाई यायचा."

आणि मी खरंच दार ओढून घेतलं. लाज वाटत होती, तरी घेतलं. चौकटीवर हात फिरवला तर कडी नव्हती. ऑइलपेंटखाली बुजलेली खिळ्यांची जुनी भोकं तेवढी बोटाला लागली. इतकी वर्षं त्या दारावरून मी जात-येत होते आणि माझं कधी लक्ष गेलं नव्हतं. मी तशीच उभी राहिलेली पाहून आतून अण्णा बोलले, "इसरलो बघ. ती तिनं काढली. सुतार बोलावला आन आतून बसवून घेतली. म्हणली, आमचं भ्याव वाटलं तर तुमी लावून घेत जावा." मग आतून कडी लागली, हळूच.

मी स्वयंपाकघरात आले आणि ओट्याला धरून रडले. ज्या बाईला आभाळाचं, जीपचं, फोनचं भ्याव वाटायचं, तिनं त्या खोलीची कडी त्या माणसाच्या हातात दिली होती, ज्याचं तिला सगळ्यात जास्त भ्याव होतं. त्यालाही आमचं भ्याव वाटत असेल, हे या घरात फक्त तिला सुचलं. माझी भीती काही गेलेली नाही, ती आहे तेवढीच आहे. डोळे पुसून मी चहा टाकला. आमच्याकडं घरातल्या घरात दार वाजवायची पद्धत नाही. एक अक्काच वाजवायची, स्वतःच्या नवऱ्याच्या खोलीचं दार, बोटाच्या पेरानं, आणि उघडेपर्यंत थांबायची. आम्हाला ते शहरी खूळ वाटायचं. मी एका हातात कप धरून तसंच दार वाजवलं, आणि कडी निघायची वाट बघत उभी राहिले.